वरवंट्याचं भाडं

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांना महिनाभर राजवाडा म्हणायचं ठरलं.
खरा राजवाडा दोन हाकांवर उभा आहे,
पण त्याच्यासमोरून गाड्या हटत नाहीत.
आटपाट नगराची पाटी गोलूभियाने रंगवली,
शेवटचा ट दोनदा पुसून.

माझ्याकडे नावडतीचं शिवण आलं.
आवडतीचे कपडे मुंबईहून आले, पेट्यांतून, इस्त्रीसकट.
नावडतीला फाटकं हवं होतं
आणि फाटकं आयतं मिळत नाही.
कोरं महेश्वरी लुगडं मी चहाच्या पाण्यात बुडवलं,
खिसणीवर घासलं, काठ उसवला,
गुडघ्याशी दोन ठिगळं लावली, वेगळ्याच दोऱ्याने,
कारण घाईत बाई हाताला येईल तो दोरा घेते.
निहारसर म्हणाले, मुळ्येताई, गरिबी जरा कमी करा,
सगळ्या घरादाराने बसून बघायचा पिक्चर आहे.
मी एक ठिगळ काढलं.
ते अजून सुयांच्या डबीत आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.
नावडती बाळंत होते, डोळ्यांवर पट्टी,
सुईण मुलगा उचलते, कुशीत वरवंटा ठेवते,
राजाला सांगते, राणीला दगड झाला.
आणि राजा
(हा भाग मला कधीच कळला नाही)
बरं म्हणतो.

ऐकताना ते सोपं जातं.
वरवंटा झाला, की लगेच पुढचं वाक्य.
कॅमेऱ्यापुढे पुढचं वाक्य लवकर येत नाही.
तिथे एक घामेजलेली बाई असते
आणि तिला काहीतरी उचलावं लागतं.

सामानवाल्यांनी थर्माकोलचा आणला,
काळा रंग, वर चकाकी.
शर्वाणीने तो उचलला, रडली, छान रडली,
पण हात रडेनात.
पिसं उचलावीत तसे वर गेले.
अकरा टेक झाले. पोहे गार झाले, जीरावन ओलं.

मग मी गोलूच्या स्कूटरवर मागे बसून रामबागेत गेले,
ओट्याखालचा माझा काढला.
परवाच्या चटणीचा लसूण अजून त्याच्या अंगाला.
सुधांशूच्या बारशाला ह्यालाच टोपडं घातलं होतं,
काजळाचं बोट लावलं होतं,
बाळाच्या आधी पाळण्याखालून, पाळण्यावरून
या हातातून त्या हातात दिलं होतं,
पोर दगडासारखं टिकावं म्हणून.
नणंद हसून म्हणाली होती, हा थोरला, तो धाकटा.
गोष्टीतल्या सुईणीला हे माहीत असणारच.
तिने तो आमच्याच पाळण्याखालून नेला.

शर्वाणीने दुपट्यातला दगड छातीशी घेतला
आणि तिचं कोपर खाली गेलं,
कोपरामागून खांदा.
मग तिने, कागदावर हे नव्हतं,
त्याचं डोकं धरलं,
तळहात मानेखाली, जसं धरतात.
दगडाला मान नसते.
निहारसर कट म्हणायचं विसरले.
छत्रीवरचे पारवे तेवढे बोलत राहिले
आणि खाली नदीचा तो नेहमीचा वास.

दिवाळीआधी निरोप आला, तो भाग गेला.
पोरं घाबरतात म्हणे.
आता सुईण कुशीत कुत्र्याचं पिल्लू ठेवते.
पिल्लू गोड आहे, थिएटर हसेल.
मी रागावू कशाला?
सुधांशूला सांगताना मीही सुईणीचे हात गाळायचे,
म्हणायचे, वाऱ्याने बाळ नेलं.

भाड्याची पावती मात्र मिळाली होती:
वरवंटा, दगडी, एक नग, दीडशे रुपये,
परत करतेवेळी स्थिती पूर्ववत.
घरी येऊन दुपटं सोडायला बसले
तर गाठ शर्वाणीने मारलेली,
बाजूला सरकवून, सैल,
पाठीला रुतू नये अशी.

त्या रात्री चटणी मिक्सरवर केली.